‘बाई, वाड्यावर या’ म्हणण्याआधी ‘सामना’ पाहा

एक साधा प्रश्न विचारतो. ‘बाई, वाड्यावर या’ हे वाक्य निळू फुले यांनी कोणत्या सिनेमात म्हटलंय? सिनेमाचं नाव, साल आणि समोर कोणती नटी होती, एवढंच सांगा.

गेल्या वर्षभरात मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारला. ऑफिसातल्या मित्रांना, कॉलेजच्या ग्रुपवर, गावाकडच्या चुलतभावांना. वाक्य सगळ्यांना पाठ आहे. आवाज काढता येतो, मान तिरकी करून डोळे बारीक करता येतात. सिनेमाचं नाव मात्र एकालाही सांगता आलं नाही. उद्या कोणी एखादं रीळ शोधून आणलं आणि ‘हे बघ, इथे आहे’ म्हणालं, तरी माझं भांडण मिटत नाही. कारण ज्यांनी स्टिकर बनवले, टी-शर्ट छापले, रील्स केल्या, त्यांनी सिनेमा पाहून ते केलेलं नाही. ऐकलेलं पुढे ऐकवलंय.

माझं म्हणणं सरळ आहे. मराठीतल्या एका मोठ्या नटाचं चाळीस वर्षांचं काम आपल्या पिढीने तीन शब्दांवर आणून ठेवलंय. आणि ते तीन शब्द त्या कामाच्या अगदी उलट दिशेला जातात. निळूभाऊंनी सत्तेचा माज पडद्यावर आणला, तो पाहणाऱ्याला त्याची चीड यावी म्हणून. आपण त्या माजाचा विनोद केला आणि वर तो त्यांच्याच नावावर खपवतो आहोत.

माळी, सेवा दल आणि वग

आधी माणूस कोण होता ते पाहू. निळू फुले पुण्यात वाढले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याला आपण एएफएमसी म्हणतो, तिथे ते माळी म्हणून कामाला होते. राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते होते. सेवा दलाच्या कलापथकातून ते नाटकात आले. अभिनयाची शाळा नाही, घराण्याचं नाव नाही, गोरागोमटा चेहरा नाही.

कलापथकातला वग हा काय प्रकार होता, हे समजल्याशिवाय निळूभाऊ समजत नाहीत. उघड्यावरचा प्रयोग. समोर बसलेली माणसं तिकीट काढून आलेली रसिक मंडळी नव्हेत, दिवसभर राबून आलेली. वगात राजा असतो, प्रधान असतो, हवालदार असतो, नंतरच्या काळात पुढारीही आला. त्यांची टोपी उडवायची आणि टोपी उडवली की समोरच्यांनी खदखदून हसायचं. म्हणजे विनोदाची दिशा ठरलेली. खाली बसलेला वरच्याला हसतो. निळूभाऊंनी पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मध्ये काम केलं, पुढे शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचं नाव झालं. तिथून अनंत माने यांनी त्यांना सिनेमात आणलं. ‘एक गाव बारा भानगडी’, साल १९६८, भूमिका झेलेअण्णाची.

ही पार्श्वभूमी मुद्दाम सांगतोय. ज्या माणसाने गावच्या पुढाऱ्याची नक्कल त्याच पुढाऱ्याखाली राहणाऱ्या लोकांसमोर वर्षानुवर्षं केली, त्याला सत्ता कशी बसते, कशी उठते, कोणाशी हळू बोलते आणि कोणावर खेकसते, हे आतून माहीत होतं. सिनेमात आल्यावर त्यांनी त्यातला विनोद कमी केला आणि भीती वाढवली.

कुठला वाडा घेऊन बसलात?

१९६८ हे साल लक्षात ठेवा. त्याच्या आधीच महाराष्ट्रात जुनी पाटीलकी कायद्याने संपली होती. महसूल पाटलांचं पद रद्द करणारा कायदा १९६२ चा. त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा. म्हणजे निळूभाऊ पडद्यावर आले तेव्हा वतनावर बसलेला पाटील मागे पडत होता आणि मतं मागून निवडून आलेला नवा मालक तयार होत होता. सरपंच, सभापती, चेअरमन. त्याच्याकडे वतनाचा कागद नव्हता. कर्ज कोणाला द्यायचं, ऊस कोणाचा आधी न्यायचा, नोकरी कोणाच्या पोराला लावायची, हे ठरवण्याची ताकद मात्र होती.

तमाशापटांत जुन्या थाटाचा, मिशीला पीळ देणारा पाटीलही त्यांनी भरपूर केला, हे खरंच आहे. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम या नव्या मालकावर आहे. ‘सामना’मधला हिंदुराव धोंडे पाटील.

‘सामना’ १९७५ चा. लिहिला विजय तेंडुलकरांनी, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं, निर्माते रामदास फुटाणे. त्या वर्षी तो बर्लिन चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता. गोष्ट थोडक्यात अशी : एक दारुडा, एके काळचा स्वातंत्र्यसैनिक, गावात येऊन पडतो. त्याला सगळे मास्तर म्हणतात. ही भूमिका डॉ. श्रीराम लागूंची. गावाचा सर्वेसर्वा हिंदुराव, साखर कारखान्याचा धनी. तो या मास्तरला हाकलून देत नाही. उलट ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. आणि मास्तरच्या डोक्यात एक प्रश्न अडकतो. या गावातला मारुती कांबळे नावाचा माणूस गेला कुठे? तो हा प्रश्न विचारत राहतो. एवढ्या एका प्रश्नाने सगळं साम्राज्य हलायला लागतं.

आता हिंदुरावकडे नीट पाहा. तो आरडाओरडा करत फिरत नाही. हातात चाबूक नाही. त्याला मनापासून वाटतं की या गावाचं भलं आपणच केलंय, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. म्हणूनच तो भयंकर आहे. जो माणूस तुम्हाला नोकरी देतो, पोराच्या शाळेची सोय करतो, आजारपणात गाडी पाठवतो, त्याच माणसाने एखाद्याला नाहीसं केलं असेल, तर तुम्ही काय विचारणार? कोणाला विचारणार? निळूभाऊंनी हा पेच नुसत्या बसण्यातून, गप्प राहण्यातून, समोरच्याकडे बघण्यातून उभा केला. आवाज चढवायची वेळ येते तेव्हाही ते तो खाली आणतात. सत्ता असलेल्या माणसाला ओरडावं लागत नाही, ऐकणारे आपोआप पुढे वाकतात, हे त्या नटाला कळलं होतं.

या सबंध सिनेमातून तुमच्या स्टिकरमध्ये काय आलं? फक्त टोपी.

सखाराम, दिगू आणि चित्रे

आता त्यांच्या आणखी तीन भूमिका सांगतो, म्हणजे ‘एकाच साच्यातला नट’ हे म्हणणं किती आळशी आहे ते कळेल.

पहिली, १९७२ चं ‘सखाराम बाइंडर’. नाटक तेंडुलकरांचं, दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचं. सखाराम पुस्तकं बांधणारा कामगार. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना तो घरी आणून ठेवतो, आपल्या अटींवर. वाडा नाही, जमीन नाही, पद नाही. तरी घराच्या चार भिंतींत तो राजा आहे, आणि आपण ढोंगी नाही याचा त्याला केवढा अभिमान. या नाटकावर बंदी आली, सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पुरुष घरात कसा हुकूमशहा होतो, हे मराठी मध्यमवर्गाला रंगमंचावर पाहवलं नाही म्हणून एवढा गदारोळ झाला होता. आणि आज तोच चेहरा बायकांची थट्टा करायला वापरला जातो.

दुसरी, १९७९ चा ‘सिंहासन’. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला, दिग्दर्शक पुन्हा जब्बार पटेल. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री श्रीराम लागू. निळूभाऊ कोण? दिगू टिपणीस, पत्रकार. सगळं बघणारा, सगळं माहीत असलेला, आणि काहीही करू न शकणारा माणूस. ज्या नटाला महाराष्ट्र सत्तेचा चेहरा म्हणून ओळखत होता, त्याला इथे सत्तेच्या दाराबाहेर वही घेऊन उभं केलंय. सिनेमाच्या शेवटी दिगूचं ते वेड्यासारखं हसणं एकदा पाहा. राजकारणाच्या बातम्या रोज फोनवर वाचून आपण जे काही हसतो ना, त्याच्या पुढची पायरी आहे ती.

तिसरी, १९८४ चा हिंदी ‘सारांश’, महेश भट्ट यांचा. त्यात ते गजानन चित्रे, मुंबईतला पुढारी. खेडं नाही, फेटा नाही. मुलाने एका मुलीला दिवस ठेवलेत आणि बापाला ती भानगड मिटवायची आहे. अनुपम खेर आणि रोहिणी हट्टंगडी यांनी रंगवलेलं म्हातारं जोडपं त्या मुलीच्या बाजूने उभं राहतं. ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता, त्या प्रेक्षकांनाही या चित्रेची भीती वाटली.

साखर कारखानदार, कामगार, पत्रकार, मुंबईचा पुढारी. चार माणसं, चार वेगळे वर्ग, चार वेगळी बोलणी. यात ‘वाडा’ शोधून दाखवा.

पिक्सेल उडालेला नट

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून मला हा प्रकार माझ्या धंद्याच्या भाषेत दिसतो. स्टेटसवरचा फोटो डाउनलोड केला, त्याचा स्क्रीनशॉट काढला, तो कोणीतरी पुन्हा स्टेटसला टाकला, त्याचा परत स्क्रीनशॉट. दहा वेळा असं झालं की फोटोत काय उरतं? मोठे मोठे चौकोन. फाईल लहान करताना मशीन बारीक तपशील आधी फेकतं आणि ठळक आकार ठेवतं. नाकडोळे गेले तरी टोपी कळते.

निळूभाऊंचं तसंच झालं. आधी सिनेमा गेला, नंतर प्रसंग गेला, नंतर पात्राचं नाव गेलं. मग समोरची बाई गेली. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त खुपतं. सिनेमात त्या पाटलासमोर एक बाई उभी असते. तिचा चेहरा कॅमेरा दाखवतो. ती घाबरलेली असते, चिडलेली असते, कधी उलट उत्तर देते. तिच्यामुळे पाहणाऱ्याला कळतं की इथे काय चाललंय. मीममध्ये ती नाहीच. फक्त बोलावणारा उरलाय, आणि त्याला हसणारे आपण.

माझी आजी टीव्हीवर निळू फुले दिसले की ‘मुडदा बशिवला याचा’ म्हणायची आणि तरी शेवटपर्यंत उठायची नाही. ती आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान गावातली शेतमजुरीला गेलेली बाई. असा माणूस तिने पडद्याबाहेरही पाहिलेला असणार, म्हणून तिची शिवी खरी होती. खेड्यापाड्यांतल्या बायका प्रत्यक्षातही निळूभाऊंचा राग करायच्या, हे किस्से महाराष्ट्राला ठाऊक आहेत. नटाला याहून मोठी पावती कोणती? आजीच्या शिवीपासून आपल्या हसण्याच्या इमोजीपर्यंत दोन पिढ्या गेल्या. या दोन पिढ्यांत तो माणूस सुधारला म्हणून आपण हसतोय का?

एका ऑफिसच्या ग्रुपवरची गोष्ट. टीममधली एक मुलगी म्हणाली की तिची रिव्ह्यू मीटिंग राहिली आहे, कधी करायची. मॅनेजरच्या आधी एका सीनियरने उत्तर दिलं, ते स्टिकर. टोपी, मिशी आणि ते वाक्य. खाली अकरा हसरे चेहरे. मुलीनेही एक हसरा चेहरा टाकला, कारण न टाकून करणार काय? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ पासून आहे. त्याचं प्रशिक्षण या अकरा जणांनी दरवर्षी घेतलेलं, शेवटची प्रश्नमंजुषाही पूर्ण गुण घेऊन सोडवलेली. पण ‘अरे, ते तर निळू फुले आहेत’ म्हटलं की सगळं माफ. ज्याला ‘केबिनमध्ये एकटी ये’ असं टाईप करायची हिंमत झाली नसती, त्याला एका दिवंगत नटाच्या तोंडून तेच म्हणता आलं.

म्हणून म्हणतो, हा प्रकार निरागस नाही. वगातला विनोद खालून वर जायचा. हा वरून खाली येतो.

‘मीममुळे निदान नाव तरी टिकलं’

हा युक्तिवाद मला हमखास ऐकवला जातो. ‘तुझे ते क्लासिक सिनेमे कोण बघतंय? मीममुळे तरी आजच्या पोरांना निळू फुले माहीत आहेत.’

काय माहीत आहे? विशीतल्या पोराला विचारा, निळू फुले कोण. तो सांगेल, तो लंपट म्हातारा पाटील. दुकानावर पाटी आहे, आत माल भलताच. याला नाव टिकणं म्हणत नाहीत.

दुसरा युक्तिवाद जरा वजनदार आहे. ‘असल्या भूमिका त्यांनीच तर केल्या. पैसे घेऊन केल्या. मग मीमवाल्यांना कशाला दोष देतोस?’ यात तथ्य आहे. त्यांच्या शंभराहून जास्त सिनेमांतले कित्येक सुमार होते. काही तमाशापटांत कॅमेरासुद्धा पाटलाच्याच नजरेने बाईकडे बघत होता, हे मला नाकारता येणार नाही. पण नटाने काय केलं ते वेगळं पाहा. सुमार सिनेमातही निळूभाऊंनी त्या माणसाला कधी प्रेमळ, मजेशीर, ‘तसा बरा आहे हो’ असं होऊ दिलं नाही. प्रेक्षकांना त्याचा तिटकाराच आला. खलनायक लोकप्रिय होऊन पोरं त्याच्यासारखी मिशी ठेवायला लागली, असं त्यांच्या बाबतीत घडलं नाही. ते काम मीमने केलं.

तिसरा युक्तिवाद, ‘तुला विनोद कळत नाही.’ कळतो. विनोद कोणाच्या खर्चाने चाललाय, तेही कळतं.

चरित्र नसलेला चरित्र अभिनेता

सगळा दोष मोबाईलवाल्या पोरांचा म्हणणंही खोटं ठरेल. पहिला साचा मराठी चित्रपटसृष्टीने बनवला. ‘सामना’सारखी भूमिका मिळाल्यावर खरं तर लेखकांनी या नटासाठी नवं काही लिहायला रांग लावायला हवी होती. लागली ती निर्मात्यांची रांग, आणि सगळ्यांना हवा होता तोच पाटील. तीच टोपी, तेच धोतर, तीच नजर. एक चाललं की तेच शंभरदा, हा अल्गोरिदम मोबाईल यायच्या कितीतरी आधी आपल्या निर्मात्यांच्या डोक्यात बसलेला होता.

असं एकट्या निळूभाऊंचं झालं नाही. गणपत पाटलांना घ्या. तमाशापटांतल्या नाच्याच्या भूमिकेने त्यांना घराघरांत नेलं आणि त्यांचं ‘आत्ता गं बया’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. पडद्यावरचा नाच्या आणि खरा माणूस यांतला फरकही लोकांनी ठेवला नाही. आपल्याकडे अशा नटांना ‘चरित्र अभिनेता’ म्हणतात. शब्द मोठा भारदस्त. पण ज्यांना चरित्र अभिनेता म्हणतो त्यांचं चरित्र आपण लिहीत नाही, त्यांचे सिनेमे नीट जपत नाही, भूमिकांची साधी पूर्ण यादी एका जागी ठेवत नाही. नायकाची जयंती लक्षात राहते. सिनेमा ज्याच्या खांद्यावर उभा होता, तो एका संवादावर निघतो. पोकळी राहिली की ती कोणीतरी भरतोच. आपण चांगल्या प्रती, चांगले लेख, मुलाखती ठेवल्या नाहीत. तिथे स्टिकर येऊन बसले.

हिंदुराव आमच्या जिल्ह्यात काय करतो

पुण्या-मुंबईच्या मित्रांना वाटतं की हे सगळं जुनं आहे. पाटील गेला, वाडा पडला, आता हसायला काय हरकत? मी बुलढाणा जिल्ह्यातला आहे, म्हणून सांगतो.

आमच्याकडे पश्चिम महाराष्ट्रासारखं साखर कारखान्यांचं राज्य नव्हतं. आमच्याकडे कापूस आणि सोयाबीन. त्यामुळे ‘सामना’तला ऊस आम्हाला परका. पण हिंदुराव परका नाही. तो कधी पतसंस्थेचा अध्यक्ष असतो, कधी बाजार समितीत असतो, कधी त्याची शिक्षणसंस्था असते. त्याचं कृषी केंद्र असलं तर पेरणीच्या तोंडावर बियाणं उधार देणाराही तोच आणि काढणीनंतर माल घेणाराही तोच. धोतर कधीच गेलं. आता पांढरी गाडी आहे, चौकात वाढदिवसाचा फलक आहे, फलकावर ‘भावी आमदार’ आहे. वाड्याच्या जागी दुमजली स्लॅबचं घर आहे आणि दाराशी कॅमेरा. तो आजही ओरडत नाही. फोन करून म्हणतो, ‘जरा येऊन जा.’ आणि माणूस जातो, कारण पोराच्या नोकरीचा अर्ज त्याच्या टेबलावर पडलेला असतो.

बाईला बोलावणंही थांबलेलं नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. सरपंच बाई आहे, ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर पाटी तिच्या नावाची आहे. कित्येक गावांत मात्र कारभार नवरा बघतो, नाहीतर गावातला तो कोणीतरी भाऊ, दादा, शेठ. आणि कागद तयार झाला की निरोप जातो, बाई, सहीसाठी घराकडे या. या वाक्यावर कोणी स्टिकर काढत नाही. हे खरंच रोज बोललं जातं, म्हणून त्यात हसण्यासारखं काही दिसत नसावं.

आणि वाडाच पाहिजे असेल, तर आमच्या जिल्ह्यात या. सिंदखेड राजाला लखुजी जाधवांचा राजवाडा आहे. १२ जानेवारी १५९८ ला तिथे जिजाऊ जन्मल्या. दर १२ जानेवारीला महाराष्ट्रभरातून लोक तिथे येतात, पोरीबाळींना घेऊन येतात. आमच्याकडे वाड्यावर जाणं म्हणजे हे. तो शब्द एवढा घाण करून टाकायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

या माणसाने टोपी काढल्यावर काय केलं

पडद्यावर गावं लुटणारा हा माणूस पडद्याबाहेर काय करत होता, तेही मीममध्ये येत नाही. निळूभाऊ आयुष्यभर समाजवादी चळवळीचे राहिले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभे राहिले. डॉ. लागू आणि इतरांबरोबर ते सामाजिक कृतज्ञता निधीत होते. कल्पना अशी की, जे कार्यकर्ते पगाराची नोकरी सोडून पूर्ण वेळ समाजाचं काम करतात, त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं. त्यासाठी मराठीतल्या नामवंत नटनट्यांनी ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग गावोगावी केले. तिकिटाचे पैसे नटांच्या खिशात गेले नाहीत, निधीत गेले.

म्हणजे बघा. ज्याच्या चेहऱ्याचा लोकांना राग यायचा, त्याच चेहऱ्याच्या जोरावर गर्दी जमायची आणि त्या गर्दीच्या पैशांतून हिंदुरावसारख्यांशी भांडणाऱ्या कार्यकर्त्यांची चूल पेटायची. १३ जुलै २००९ ला ते पुण्यात गेले. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता, तो १९९१ चा. आज त्यांच्या नावाने सर्वांत जास्त काय फिरतंय? जो माणूस त्यांनी आयुष्यभर उघडा पाडला, त्याचंच बोलावणं.

मग करायचं काय

बंदी घाला, तक्रार करा, भावना दुखावल्या, असलं काही मी म्हणत नाही. त्या दुकानांची आपल्याकडे कमी नाही. मला तीन साध्या गोष्टी हव्या आहेत.

एक. पुढच्या वेळी ते स्टिकर आलं की खाली फक्त एवढं विचारा, ‘कोणता सिनेमा?’ भांडण नको, भाषण नको. दोन शब्द पुरतात. मी विचारून पाहिलंय, ग्रुप लगेच शांत होतो. आणि ते स्टिकर एखाद्या मुलीला उद्देशून आलं असेल, तर नुसतं विचारून थांबू नका. हे चालणार नाही, असं तिथेच लिहा. तिला एकटीला लिहावं लागू नये.

दोन. ‘सामना’ पाहा. सलग पाहा, दीड पट वेगाने नाही. निळूभाऊ कमी बोलतात, जास्त थांबतात. वेग वाढवलात तर त्यांचा अर्धा अभिनय तुम्हीच कापून टाकाल. मग ‘सिंहासन’ पाहा. दोन्ही पाहून झाल्यावर ते वाक्य पुन्हा म्हणून बघा, पूर्वीसारखं हसू येतं का ते.

तीन. हे जास्त अवघड आहे. तुमच्या गावातला, संस्थेतला, ऑफिसातला हिंदुराव ओळखा. त्याची नक्कल करणं सोपं आहे. मास्तरने जे केलं ते करून पाहा. त्याला एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. मारुती कांबळे प्रत्येक गावात असतो. पतसंस्था बुडाली तेव्हा ज्याची ठेव गेली तो, संस्थेत पैसे भरूनही ज्याला नोकरी लागली नाही तो, सहीपुरती बोलावली जाणारी सरपंचबाई. त्यांचं काय झालं, हे आपण विचारतो का?

निळूभाऊंनी तो माणूस आपल्याला इतक्या वेळा, इतक्या जवळून दाखवला की तो समोर आला तर आपल्याला चटकन ओळखता यायला हवा. तो फोन करून ‘जरा येऊन जा’ म्हणाला, तर ‘कशासाठी?’ एवढं तरी तोंडातून निघायला हवं.